लत्तलूरचे राजे राहत कुठे होते?

गेल्या दिवाळीत बहिणीकडे लातूरला गेलो होतो. भाची नववीत आहे. फराळाचे ताट पुढे ठेवता ठेवताच तिने आपली तक्रार मांडली. सामान्यज्ञानाच्या एका परीक्षेत प्रश्न होता : राष्ट्रकूट घराण्याची राजधानी कोणती? तिने लिहिले 'मान्यखेट'. उत्तरतालिकेत होते 'लातूर'. गुण गेला. त्याचे तिला फारसे वाटले नव्हते, पण "आपल्या गावाचा अभिमान नाही का तुला?" असे कुणीतरी म्हणाले, ते लागले होते. "मामा, तुम्ही शास्त्रज्ञ आहात ना? मग सांगा, बरोबर कोण?"

माझे संशोधन भौतिकशास्त्रातले. इतिहास हा माझा विषय नव्हे. पण 'हे कशावरून?' हा प्रश्न दोन्ही शास्त्रांत सारखाच विचारावा लागतो. त्या प्रश्नाचा पाठपुरावा करताना हाती लागले ते शिक्षकमित्रांपुढे ठेवतो आहे.

बिरुद म्हणजे पत्ता नव्हे

लातूरचा दावा हवेतला नाही. कर्नाटकात शिरूर व नीलगुंद येथे इ.स. ८६६ चे शिलालेख आहेत. त्यांत सम्राट अमोघवर्ष पहिला याला 'लत्तलूर या श्रेष्ठ नगराचा स्वामी' असे बिरुद लावले आहे. हे लत्तलूर कोणते? फ्लीट या अभ्यासकाने आधी ते बिलासपूरकडचे रतनपूर असावे असे सुचवले होते. पुढे त्याने आपले मत बदलून लातूरकडे बोट दाखवले. अनंत सदाशिव आळतेकर यांनी १९३४ साली राष्ट्रकूटांवर ग्रंथ लिहिला, त्यातही लातूरचाच पक्ष घेतला. आज हे मत सर्वमान्य म्हणावे असे आहे.

पण बिरुदातून सिद्ध काय होते? आपल्याकडे नांदेडकर, लातूरकर, उदगीरकर अशी आडनावे आहेत. पुण्यात राहणारे लातूरकर भेटले तर 'तुमचे मूळ गाव लातूर का?' असे आपण विचारतो. 'तुम्ही पुण्यात काय करता?' असे विचारत नाही. बिरुद हे असेच घराण्याच्या मुळाकडे बोट दाखवते. राज्यकारभार कुठून चालत होता, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी निराळा पुरावा पाहावा लागतो. अमोघवर्षाच्या काळापासून राजधानी मान्यखेट होती. म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड. लातूरपासून सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आसपास. त्याआधी गोविंद तिसरा याचे काही ताम्रपट मयूरखंडी नावाच्या ठिकाणाहून दिलेले आहेत. या लेखात ज्या ताम्रपटांचा उल्लेख येईल, त्यांपैकी एकही लत्तलूरहून दिलेला नाही.

म्हणजे भाचीचे उत्तर बरोबर होते. पण प्रश्न इथेच सोडला तर खरी गोष्ट हातची जाईल. दीडशे किलोमीटरवर राज्य करणाऱ्या, लातूरचे नाव अभिमानाने मिरवणाऱ्या या घराण्याने दोनशे वीस वर्षे केले तरी काय?

दोन वर्षांचे अंतर

बदामीच्या चालुक्यांचा एक मांडलिक होता, दंतिदुर्ग. कोल्हापूर जिल्ह्यातील सामानगड येथे सापडलेला त्याचा ताम्रपट शके ६७५ च्या माघातील रथसप्तमीचा आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो; पण पौष-माघाच्या सुमारास इंग्रजी वर्ष बदलते, त्यामुळे या दिवसासाठी ७९ मिळवावे लागतात. म्हणजे हा दिवस इ.स. ७५४ च्या आरंभीचा. त्या ताम्रपटात म्हटले आहे की, ज्या 'कर्णाटक-बलाने', म्हणजे चालुक्यांच्या सैन्याने, चोळ, पांड्य आणि हर्षासारख्यांना हरवले, त्याच सैन्याला दंतिदुर्गाने थोड्याशा माणसांनिशी जिंकले. 'थोड्याशा माणसांनिशी' हे कवीचे शब्द. पण मांडलिकाने आपल्या सम्राटाला हटवून त्याची जागा घेतली, हे नक्की.

आता नजर चीनकडे वळवू. तिथे तांग घराण्याची सत्ता होती. ह्यू-एन-त्संग हा प्रवासी याच घराण्याच्या आरंभकाळात भारतात आला होता. दुसऱ्या पुलकेशीच्या महाराष्ट्राविषयी त्याने लिहिले आहे की, इथले लोक उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत. युद्धापूर्वी इथे हत्तींनाही मद्य पाजतात. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी, ७५५ च्या अखेरीस, तांग सम्राटाच्या आन् लुशान नावाच्या सरहद्दीवरच्या सेनापतीने बंड केले. राजधानी चांगआन पडली, सम्राट पळाला. बंड मोडायला ७६३ साल उजाडले.

दख्खनेत मांडलिक उठला तो जिंकला; चीनमध्ये सेनापती उठला तो हरला. पण दोन्हीकडे दुखणे एकच होते. मोठे राज्य एका राजधानीतून सांभाळता येत नाही, म्हणून दूरच्या माणसाच्या हाती सैन्य आणि सारा द्यावा लागतो. आणि ज्याच्या हाती सैन्य व सारा आहे, त्याला राजधानीची गरज उरत नाही.

तारीख खरी कशावरून?

इथे विज्ञानाचा शिक्षक विचारील की, ताम्रपटावरची तारीख खरी कशावरून मानायची? पैठण येथे सापडलेला गोविंद तिसरा याचा ताम्रपट घ्या. त्यावर शके ७१६, वैशाख अमावास्या, रविवार, सूर्यग्रहण एवढी माहिती आहे. ७१६ अधिक ७८ म्हणजे ७९४. त्या वर्षीची वैशाख अमावास्या गणिताने काढली तर ती ४ मे ७९४ रोजी येते. वार येतो रविवार. आणि त्याच दिवशी सूर्यग्रहण झाल्याचेही गणित सांगते.

एका वाक्यातल्या चार गोष्टी आकाशाच्या गणिताशी जुळल्या. वार योगायोगाने जुळण्याची शक्यता सातात एक. ग्रहण तर वर्षातल्या मोजक्याच अमावास्यांना होते. सगळे एकदम जुळणे हा योगायोग म्हणता येत नाही. शेकडो वर्षांनी कुणी बनावट ताम्रपट केला असता, तर त्याला हे गणित इतके नेमके साधणे अवघड होते. म्हणूनच बनावट ताम्रपट पुष्कळदा वारातच पकडले जातात.

ताम्रपट म्हणजे तरी काय? आजच्या भाषेत जमिनीचे खरेदीखत आणि सातबारा यांच्या जवळपासचा दस्तऐवज. कडीत ओवलेले तांब्याचे पत्रे आणि कडीवर राजमुद्रा. शेवटी गावाचे नाव, चतुःसीमा, दान कुणाला दिले ते. सुरुवातीला मात्र राजाच्या पूर्वजांची लांबलचक स्तुती. सीमांचा भाग खोटा लिहिला तर गावात भांडण होईल, म्हणून तो जपून लिहिलेला असतो. स्तुतीला असा अटकाव नसतो. एकाच पत्र्यावरच्या दोन भागांची विश्वासार्हता अशी वेगवेगळी असते.

कनौज किती लांब?

राष्ट्रकूटांचे नाव सर्वाधिक गाजले ते उत्तरेतल्या स्वाऱ्यांमुळे. कनौजसाठी तीन सत्ता झगडत होत्या : राजस्थान-माळव्याकडचे गुर्जर-प्रतिहार, बंगालचे पाल आणि दख्खनचे राष्ट्रकूट. ध्रुव (राज्यकाल सुमारे ७८० ते ७९३) गंगा-यमुनेच्या दुआबात उतरला आणि त्याने प्रतिहार वत्सराज व पाल धर्मपाल या दोघांनाही हरवले. त्याचा मुलगा गोविंद तिसरा याने नागभट दुसरा याला हरवले; धर्मपाल शरण आला. पुढे सुमारे ९१६ मध्ये इंद्र तिसरा याने यमुना ओलांडून कनौजवरच घाव घातला. तीनदा जिंकले, आणि तीनदाही परत आले. कनौज त्यांनी राखले का नाही?

साधे गणित करू. मळखेड ते कनौज सरळ रेषेत सुमारे ११०० किलोमीटर. पण सैन्य कावळ्यासारखे उडत जात नाही. सातपुडा, नर्मदा, विंध्य यांना वळसे घालत रस्ता सहज १५०० किलोमीटर होईल. हत्ती, बैल आणि बाजारबुणगे घेऊन चालणारे सैन्य दिवसाला सरासरी १५ किलोमीटर गेले असे धरू. म्हणजे जायला १०० दिवस, यायला १०० दिवस. स्वारी निघणार दसऱ्याला सीमोल्लंघन करून, आणि मृगाचा पाऊस पडण्याआधी घरी यायला हवे. हे अंतर होते सुमारे २३५ दिवसांचे. प्रवास वजा जाता लढायला, वेढा घालायला आणि तह करायला उरतात अवघे ३५ दिवस!

आता पोटाचे गणित. समजा १० हजार माणसे आणि २ हजार घोडे आहेत. माणशी पाऊण किलो आणि घोड्यामागे दोन किलो धान्य धरले, तर रोज साडेसात टन अधिक चार टन, म्हणजे साडेअकरा टन लागेल. एका बैलाच्या पाठीवर एक क्विंटल गोणी जाते. म्हणजे रोज ११५ बैलांचे ओझे संपते. शंभर दिवसांचे धान्य बरोबर न्यायचे तर साडेअकरा हजार बैल हवेत, आणि त्या बैलांना चारा-पाणी हवे ते निराळेच. हे आकडे माझे, अंदाजाचे आहेत. सैन्य दुप्पट धरा किंवा निम्मे धरा, निष्कर्ष बदलत नाही. एवढे सैन्य घरच्या शिदोरीवर कनौजला पोहोचू शकत नाही. ते वाटेवरच्या मुलखावर जगते. तो मुलूख मित्राचा असेल तर मांडलिक धान्य पुरवतो. शत्रूचा असेल तर लूट होते, आणि परतीच्या वाटेवर तोच मुलूख ओस पडलेला असतो.

या गणिताला ताम्रपटांचा दुजोरा मिळतो. राधनपूर येथील ८०८ सालच्या ताम्रपटात म्हटले आहे की, गोविंद तिसरा विंध्याच्या पायथ्याशी आला तेव्हा तिथला राजा माराशर्व भेटी घेऊन सामोरा गेला, आणि गोविंदाने पावसाळा श्रीभवन येथे काढला. पावसात सम्राटालाही थांबावे लागले, आणि थांबायला मांडलिकाचे घर लागले. मांडलिक हा राष्ट्रकूटांच्या लष्करी व्यवस्थेचा डामडौल नव्हता, तो तिचा कणा होता.

चौघांतला चौथा

अमोघवर्षाने ८१४ पासून सुमारे ६४ वर्षे राज्य केले. स्वाऱ्यांपेक्षा ग्रंथांमुळे तो आठवला जातो. कन्नडमधला 'कविराजमार्ग' त्याच्या दरबारातला. गणिताच्या शिक्षकांना जवळचा वाटेल असा महावीराचार्यांचा 'गणितसारसंग्रह' सुमारे ८५० चा. त्याच्या आरंभी याच राजाची स्तुती आहे. दिलेल्या वस्तूंतून काही वस्तू किती प्रकारे निवडता येतील, हे काढण्याची रीत त्यात आहे. ऋण संख्येला वर्गमूळ नसते, असेही तिथे स्पष्ट म्हटले आहे. अकरावीच्या वर्गात हे प्रकरण शिकवताना लत्तलूरचा उल्लेख करायला हरकत नाही.

याच काळात अरब व्यापारी पश्चिम किनाऱ्यावर येत होते. सुलेमान या व्यापाऱ्याच्या नावाशी जोडला जाणारा ८५१ सालचा एक अरबी वृत्तांत उपलब्ध आहे. त्यात जगातले चार मोठे राजे मोजले आहेत : पहिला अरबांचा खलिफा, दुसरा चीनचा बादशहा, तिसरा रूमचा, म्हणजे बायझंटाईन साम्राज्याचा सम्राट, आणि चौथा 'बल्हरा', कान टोचणाऱ्या लोकांचा राजा. बल्हरा म्हणजे वल्लभराज. 'वल्लभ' हे राष्ट्रकूटांचे बिरुद. वृत्तांत सांगतो की बल्हराजवळ घोडे व हत्ती पुष्कळ आहेत आणि तो सैनिकांना अरबांप्रमाणे पगार देतो.

या साक्षीला वजन आहे, कारण लिहिणारा परका आहे. त्याला राष्ट्रकूटांकडून दान मिळालेले नाही. पण तीही तपासूनच घ्यावी. बल्हरा अरब व्यापाऱ्यांना चांगले वागवतो, असे हेच लोक लिहितात. आणि पालघर जिल्ह्यातील चिंचणी येथील ताम्रपटांवरून दिसते की, संजाणच्या प्रदेशावर राष्ट्रकूटांनी एक अरब अधिकारीच नेमला होता. गिऱ्हाईक चांगले असले की व्यापारी त्याचे कौतुक थोडे जास्तच करतो.

कंधार आणि तक्कोलम

नांदेड जिल्ह्यात मन्याड नदीच्या खोऱ्यात कंधार आहे. किल्ल्याचा खंदक, दरवाजे आणि बुरूज यांत बहमनी काळापासूनच्या अनेक राजवटींचे हात दिसतात. पण गावाचे मूळ त्याहून जुने आहे. किल्ल्याची उभारणी राष्ट्रकूट कृष्ण तिसरा (९३९ ते ९६७) याच्याकडे जाते असे मानले जाते. गावातल्या जुन्या तलावाला आजही जगत्तुंग सागर म्हणतात. 'जगत्तुंग' हे राष्ट्रकूट राजांचेच बिरुद! कंधारलाच कृष्ण तिसरा याच्या काळचा शिलालेख सापडला आहे. शिवाय क्षेत्रपालाच्या एका प्रचंड मूर्तीचे तुकडे तिथे मिळाले. त्यातले पाऊल पाहिले की पूर्ण मूर्ती केवढी असेल, याचा मुलांना प्रमाण मांडून अंदाज करता येतो. आपल्या पावलाच्या लांबीची उंचीशी तुलना केली तर साधारण एकास साडेसहा हे प्रमाण मिळते. (मूर्तिकार हेच प्रमाण पाळतो असे नाही, हेही मुलांना सांगावे.)

याच कृष्णाने ९४९ मध्ये तमिळ देशात तक्कोलम येथे चोळांचा पराभव केला. चोळ युवराज राजादित्य हत्तीवर बसलेला असताना मारला गेला. कृष्णाचा मेहुणा आणि मांडलिक, गंग राजा बूतुग याने त्याला मारले, असे कर्नाटकातील आतकूरचा शिलालेख सांगतो. विशेष हे की चोळांचे स्वतःचे ताम्रपटही, आपला राजपुत्र हत्तीवरच वीरमरण पावला, असे लिहितात. दोन शत्रू एकाच गोष्टीवर सहमत झाले, तर ती गोष्ट घडली असे मानायला भक्कम आधार मिळतो.

आता इंद्र तिसऱ्याच्या कनौज स्वारीकडे पुन्हा पाहू. ९३० सालचा खंबायत ताम्रपट म्हणतो की त्याने महोदय, म्हणजे कनौज, उद्ध्वस्त केले. म्हणूनच ते 'कुशस्थल' नावाने प्रसिद्ध झाले. कुश म्हणजे गवत. पण कुशस्थल हे कनौजचे जुनेच दुसरे नाव होते. कवीला श्लेष साधला. नगराचे खरोखर गवताचे रान झाले का, हे त्यावरून ठरत नाही. स्वारीचा उल्लेख पंपकवीच्या ९४१ च्या कन्नड काव्यातही आहे, पण पंपाचा आश्रयदाता वेमुलवाडचा चालुक्य हा राष्ट्रकूटांचाच मांडलिक. म्हणजे साक्षीदार दोन झाले, तरी दोघे एकाच बाजूचे. स्वारी झाली हे मान्य; विध्वंस किती झाला, याबद्दल हात राखून बोललेले बरे.

पुन्हा एक मांडलिक

कृष्ण तिसरा ९६७ मध्ये वारला. अवघ्या पाच वर्षांत, ९७२ मध्ये, माळव्याचा परमार राजा सीयक याने मान्यखेट लुटले. परमारही राष्ट्रकूटांचे जुने मांडलिकच. राजधानी लुटली गेल्यावर दरारा संपला. पुढच्याच वर्षी तैलप या मांडलिकाने शेवटचा सम्राट कर्क दुसरा याला हटवून आपले राज्य स्थापले. तैलप स्वतःला बदामीच्या चालुक्यांचा वंशज म्हणवत होता. म्हणजे ज्या वाटेने राष्ट्रकूट आले, त्याच वाटेने गेले, आणि जागा घेतली ती ज्यांना त्यांनी हटवले होते त्यांच्याच नावाने.

तांग घराण्याचे ९०७ मध्ये असेच झाले. आन् लुशानचे बंड मोडण्यासाठी प्रांतोप्रांतीच्या सेनापतींना अधिकार द्यावे लागले; ते पुन्हा काढून घेता आले नाहीत. शेवटच्या सम्राटाला हटवणारा जू वन हा असाच एक प्रांताधिपती होता.

चिनी दरबारात इतिहास लिहिण्याचे स्वतंत्र सरकारी खाते होते. ताम्रपटांवर जगणाऱ्या आपल्याला त्याचा हेवा वाटतो. पण तिथल्याही आकड्यांना हाच 'कशावरून?' विचारावा लागतो. बंडाच्या वर्षी, ७५५ मध्ये, चिनी नोंदीत सुमारे ५ कोटी २९ लाख माणसे होती. ७६४ मध्ये ती सुमारे १ कोटी ७० लाख झाली. काही पुस्तकांत यावरून 'साडेतीन कोटी माणसे मेली' असे लिहिलेले आढळते. पण नोंद होती ती कर देणाऱ्या कुटुंबांची. माणसे खूप मेली, हे खरे. पण कितीतरी परागंदा झाली, कितीतरी प्रांत सेनापतींच्या हाती गेले आणि तिथल्या याद्या राजधानीला पोहोचल्याच नाहीत. आकडा घसरला तो जेवढा माणसांचा, तेवढाच सरकारच्या हाताच्या पोहोचीचा. उपकरण बिघडले तर वाचन बदलते. वस्तू तेवढीच बदलली असे नसते. प्रयोगशाळेत आम्ही हे रोज अनुभवतो.

वर्गात करण्याजोगे

भाचीला मी हे सगळे सांगितले. ती म्हणाली, "मग लातूरचा अभिमान बाळगायचा की नाही?" मी म्हटले, "बाळग की! पण जे होते त्याचा." जगातल्या चार मोठ्या राजांत मोजला गेलेला राजा दीडशे किलोमीटर दूर बसूनही आपल्या नावाला लत्तलूर जोडत होता. राजधानी नसलेल्या गावाला असा मान मिळणे ही राजधानी असण्याहून विरळ गोष्ट आहे.

शिक्षकमित्रांनी वर्गात एक तक्ता करून घ्यावा. डावीकडे या लेखातली विधाने लिहावीत. पुढे तीन रकाने करावेत : हे कोण सांगतो? त्याचा यात फायदा कोणता? दुसऱ्या बाजूचा साक्षीदार आहे का? पैठणची तारीख, तक्कोलमचे मरण, कनौजचा विध्वंस आणि चीनची शिरगणती या चार ओळी भरल्या तरी तासिका पुरी होईल. कंधार जवळ असेल तर सहल तिथे न्यावी आणि जगत्तुंग सागराच्या काठावर बसूनच हा तक्ता भरावा.

आणि उत्तरतालिका चुकली असेल, तर ती दुरुस्त करावी. भाचीने मुख्याध्यापकांना अर्ज लिहिला आहे. गुण मागितलेला नाही. पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी तालिका बदलावी एवढेच लिहिले आहे, आणि पुरावा म्हणून खाली शिरूरचा शिलालेख आणि मान्यखेटची माहिती जोडली आहे.